त्रास पायांत, मग एमआरआय मानेचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ५८. सहा महिन्यांपासून दोन्ही पाय जड वाटतात, तळव्यांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. दुखत मात्र काहीच नाही. कमरेची नस दबली असणार असं धरून न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी अर्धा तास गुडघ्या-कोपरांवर हातोडी मारली, तळपायावर किल्लीने ओरखडा काढला, डोळे मिटून उभं केलं आणि शेवटी एमआरआय लिहून दिला तो मानेचा! मान कधी दुखलीसुद्धा नाही. हल्ली शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, पण ते वयाचं असेल म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. त्रास पायांत आणि स्कॅन मानेचा, हे कसं? आणि स्कॅन करायचाच होता तर हातोडीचा खेळ कशाला?"

गेली बावीस वर्षं मी हाच हातोडीचा खेळ करतो आहे, तेव्हा उत्तर जरा लांबेल. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे तुमच्या मानेत काही आहेच असं म्हणणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी मान का धरली, हे तुमच्या चार ओळींवरूनही बऱ्यापैकी ओळखता येतं.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मुळात तो एकच आहे. जिथे जाणवतं तिथेच बिघडलेलं असतं का? दात किडला तर दातच दुखतो, गुडघा सुजला तर गुडघाच. मज्जासंस्थेत मात्र हे गृहीत धरलं की फसगत ठरलेली. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात: ‘काय झालंय’ ते नंतर, आधी ‘कुठे झालंय’ ते सांग.

पायाचा अंगठा हलवायचा झाला तर हुकूम निघतो मेंदूच्या माथ्यावरून, दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीच्या काठाने. तिथून तो मेंदूच्या देठात उतरतो, लंबमज्जेच्या (देठाचा सर्वांत खालचा भाग) तळाशी बाजू बदलतो (म्हणून डाव्या मेंदूतल्या झटक्याने उजवं अंग जातं), मग मानेतून, छातीमागून मज्जारज्जूत खाली येतो. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी दुसरी पेशी तो हुकूम झेलते आणि आपला तंतू कमरेतून थेट पायाच्या स्नायूपर्यंत पाठवते. उलट दिशेने तळव्याची संवेदना तेवढाच प्रवास करून वर जाते. पायाकडे जाणारी आणि पायाकडून येणारी प्रत्येक बातमी मानेतूनच जाते, दुसरी वाट नाही.

आता कमरेबद्दल, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. बहुतेकांना वाटतं की मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जातो. तसं नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू जेमतेम ४५ सेंटीमीटर लांब, करंगळीएवढा जाड, आणि तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत तो मणक्यांची पूर्ण नळी भरून असतो. पुढे हाडं भराभर वाढतात, रज्जू मागे राहतो. त्याच्याखाली नळीत लोंबतात ती नुसती मुळं, पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांची. त्या झुबक्याला शरीरशास्त्रात ‘घोड्याची शेपटी’ अशा अर्थाचं लॅटिन नाव आहे, आणि दिसतोही तो तसाच. म्हणजे कमरेची गादी सरकली तर दबतात ती मुळं. मज्जारज्जू सहसा दबत नाही. कमरेच्या स्कॅनमध्ये रज्जूचं फक्त शेवटचं टोक दिसतं. बिघाड रज्जूत आहे असा संशय असेल तर कमरेचा स्कॅन काढणं म्हणजे टाकीच्या तोंडाशी पाइप तुंबलेला असताना तळमजल्यावरचा नळ खोलून बसण्यासारखं.

पण बिघाड रज्जूत आहे की खालच्या मुळांत, हे कळणार कसं? इथे हातोडी येते.

गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड पट्टा हाताला लागतो त्यावर हातोडी पडते तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू किंचित, अगदी केसभर ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक अवयव असतात. ते ही खबर कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मुळावाटे रज्जूला देतात. रज्जूत ती खबर थेट स्नायू हलवणाऱ्या पेशीला भेटते, मध्ये कुणी दलाल नाही, आणि हुकूम उलट पावली येतो: आकुंचन. पाय उडतो. हातोडी पडल्यापासून स्नायूत विजेची पहिली लहर उमटेपर्यंत साधारण २० मिलिसेकंद लागतात. मेंदूला हे नंतर कळतं. १८७५ साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोघा जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं. वेस्टफाल यांना वाटत होतं की ताणलेला स्नायूच जागच्या जागी आचका देतो. एर्ब म्हणाले, नाही, हा रज्जूतून फिरून येणारा रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप उमटणारी प्रतिक्रिया, आहे. एर्ब बरोबर ठरले.

मेंदू या फेऱ्यात नसला तरी लगाम त्याच्या हातात असतो. वरून येणारे तंतू रज्जूतल्या या फेऱ्यांना सतत आवरून धरतात. म्हणून हातोडीची उत्तरं तीन. पाय बेताचा उडाला तर ठीक. उडालाच नाही तर फेरा कुठेतरी तुटलाय, म्हणजे नस, मूळ किंवा स्नायू. आणि गरजेपेक्षा जोरात उडाला तर? तर फेरा शाबूत आहे आणि लगाम सुटलाय. म्हणजे बिघाड त्या पातळीच्या वर कुठेतरी.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. कमरेत नसा दबून पाय जड झाले असते तर गुडघ्याचा किंवा घोट्याचा रिफ्लेक्स मंदावला असता किंवा नाहीसा झाला असता. माझा अंदाज असा की तुमचे पाय जोरात उडाले. डॉक्टरांचा कागद काढून बघा. बीजे, टीजे, केजे, एजे अशी अक्षरं असतील आणि पुढे एक, दोन, तीन अधिक चिन्हं. बीजे-टीजे हाताचे, केजे गुडघ्याचा, एजे घोट्याचा. केजेपुढे तीन अधिक असतील तर मी म्हणतोय ते तिथे लिहिलेलंच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. नुसते जोरात उडणारे रिफ्लेक्स म्हणजे आजार नव्हे. घाबरलेल्या माणसाचे, तरुण सडपातळ माणसाचे रिफ्लेक्स आजार नसतानाही तेज असतात. काहींचे इतके मंद की हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावल्याशिवाय उमटत नाहीत. म्हणून आम्ही एकटा गुडघा कधी वाचत नाही. डावा-उजवा, वरचा-खालचा असा मेळ घालतो, आणि शिवाय एक अशी खूण शोधतो जी घाबरल्याने येत नाही.

ती खूण म्हणजे तुमचा किल्लीचा ओरखडा. तळपायाच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून बोटांकडे ओरखडा काढला की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारा मुख्य हुकुमाचा रस्ता बिघडला असेल तर तो सावकाश वर उठतो, बाकीची बोटं पंख्यासारखी पसरतात. न्यूरोलॉजिस्ट जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसला अवघ्या २८ ओळींच्या टिपणात हे मांडलं. तान्ह्या बाळाचा अंगठाही वर उठतो, पण तिथे तो आजार नसतो. त्या रस्त्यावरच्या तंतूंवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त थराचं, वेष्टण चढायचं बाकी असतं. मूल चालू लागण्याच्या सुमारास अंगठा खाली वळायला लागतो. माझ्या मते एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी तपासणी वैद्यकात दुसरी नाही. अर्थात ज्यांना गुदगुल्या होतात ते पायच ओढून घेतात आणि मग दहा मिनिटं आमचीच परीक्षा चालते.

आता मान. बिघाड पायांच्या वर आहे एवढं कळलं, पण ‘वर’ म्हणजे छाती, मान की मेंदू? म्हणून हातांवर हातोडी. हाताचे रिफ्लेक्स मानेत एकाखाली एक जिन्यासारखे मांडलेले आहेत: कोपराच्या पुढचा पाचव्या-सहाव्या मानेच्या मुळावर, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचा मुख्यतः सहाव्यावर, कोपरामागचा सातव्यावर. समजा पाचव्या-सहाव्या पायरीशी रज्जू दबलाय. तिथला फेरा स्वतःच चेंगरलेला, म्हणून तो रिफ्लेक्स मंद. त्याच्या खालचे सगळे बेलगाम, म्हणून जोरात. मनगटाशी टोला मारावा तर कोपर वळायच्या ऐवजी बोटंच पटकन मुठीत आवळली जातात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हातोडी चुकीच्या जागी पडली असं वाटून मी चारदा मारली होती! चारही वेळा तेच. ज्या पायरीवर रिफ्लेक्स गेला आणि जिच्याखाली सगळे वाढले, ती पायरी म्हणजे पत्ता. हात अगदी स्वच्छ असते आणि फक्त पायच बेलगाम असते तर तुमच्या डॉक्टरांनी बहुधा छातीच्या पातळीचा स्कॅन लिहिला असता.

म्हणून तुमची ती बटणं मला महत्त्वाची वाटतात. तुम्ही ती वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालात. मानेत रज्जू दबतो तेव्हा हातात ताकद बरीच शिल्लक असते, जातं ते कसब: बटण, चावी, सही, सुईत दोरा. त्यासाठी आम्ही एक साधी चाचणी करतो. हात पुढे धरून मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, जमेल तितक्या वेगाने, दहा सेकंद. धडधाकट माणूस वीस किंवा अधिक वेळा करतो. रज्जू दबलेल्याची बोटं दहा-पंधरालाच रेंगाळतात, उघडताना करंगळीकडची दोन बोटं मागे राहतात. घरी करून बघायला हरकत नाही, पण संधिवात असला तरीही आकडा घसरतो, त्यामुळे त्यावरून स्वतःच निदान ठोकू नका.

डोळे मिटून उभं का केलं, तेही सांगतो. आपण उभे राहतो ते तीन साक्षीदारांच्या भरवशावर: डोळे, कानाच्या आतलं तोलाचं यंत्र, आणि सांध्यांकडून येणारी ‘पाय कुठे आहे’ ही बातमी. तीनपैकी दोन असले की भागतं. डोळे मिटल्यावर झुकायला झालं, तर उरलेल्या दोघांपैकी एक आधीच गैरहजर होता. चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की किंवा अंधारात जिना उतरताना तुमचा तोल जास्त जातो का, आठवून बघा. तसं असेल तर संशय सांध्यांच्या बातमीवर जातो.

ही बातमी आणि घोट्याच्या हाडावर टेकवलेल्या ट्यूनिंग फोर्कची (टोला दिला की थरथरणारा धातूचा काटा) थरथर एकाच वाटेने जातात, रज्जूच्या मागच्या बाजूने, आपल्याच बाजूला राहून, थेट लंबमज्जेपर्यंत. टाचणीचं टोचणं आणि गरम-गार यांची वाट वेगळी. ती रज्जूत शिरल्यावर एक-दोन पायऱ्यांतच पलीकडे जाते. त्यामुळे रज्जूची एकच बाजू चेंगरली तर अजब दृश्य दिसतं: एका पायाची शक्ती आणि थरथरीची जाणीव गेलेली, दुसऱ्या पायाला टाचणी कळत नाही. ब्राऊन-सेकार या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात हे कोडं उलगडलं. असा जोड फक्त रज्जूतच घडू शकतो, म्हणून तो दिसला की आम्हाला जागेसाठी स्कॅनची वाट पाहावी लागत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी, कारण खरे रुग्ण पुस्तकासारखे वागत नाहीत. पायाच्या अंगठ्याची थरथर वर नेणारी पेशी एकच असते. तिचा एक फाटा अंगठ्यापर्यंत, दुसरा थेट लंबमज्जेपर्यंत. उंच माणसात दोन्ही मिळून दीड मीटरच्या आसपास. एवढ्या लांब तंतूला पोसणं जड जातं, म्हणून मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी कोमेजतात. मुंग्या दोन्ही तळव्यांपासून सुरू होऊन मोज्यासारख्या वर चढतात, आणि त्यात घोट्याचा रिफ्लेक्स जातो, वाढत नाही. तुम्हाला जुना मधुमेह असेल आणि वर मानही दबलेली असेल तर दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकतात. बी-१२ कमी असेल तर ते आणखी फसवं, कारण ते नसाही बिघडवतं आणि रज्जूही: घोटा गप्प, अंगठा मात्र वर. काहींची मान आणि कंबर दोन्हीकडे नळी अरुंद असते. म्हणून स्कॅनच्या जोडीला साखर आणि बी-१२ बघायला सांगितलं असेल तर तेही करा. मान दुखत नाही हा तुमचा मुद्दा मात्र इथे चालत नाही. दुखतात ती मुळं, सांधे, स्नायू; खुद्द रज्जूला दुखणं कळत नाही. तो मुकाट्याने दबतो.

राहिला प्रश्न: डोक्यापासून कमरेपर्यंत सगळाच स्कॅन का काढत नाहीत? कधी कधी काढतोही. पण स्कॅन वाचायला आधी प्रश्न लागतो. २०१५ मध्ये, काहीही तक्रार नसलेल्या ३,००० हून अधिक माणसांच्या पाठीच्या स्कॅनचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गाद्या झिजल्याच्या खुणा विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत होत्या. तुमच्या वयाला कमरेचा स्कॅन काढला असता तर त्यात ‘गादी पुढे आली आहे’ असं काहीतरी बहुधा निघालंच असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, बघा, मी सांगत होतो.

मी स्वतः हेच केलेलं आहे. शिकाऊ डॉक्टर होतो. साठीच्या एक बाई आल्या, पाय लुळे पडत चाललेले. मी घाईत होतो. गुडघे जोरात उडाले ते पाहिलं, पण ‘घाबरल्या असतील’ असं मनात म्हटलं आणि कमरेचा स्कॅन काढला. दोन गाद्या पुढे आलेल्या निघाल्या. मी खूश. ऑपरेशनची बोलणी सुरू झाली. माझ्या वरिष्ठांनी राऊंडमध्ये काही न बोलता टाचणी घेतली आणि पायापासून पोटाकडे हळूहळू टोचत गेले. "आता टोचलं," असं बाई म्हणाल्या तेव्हा टाचणी बेंबीच्या वर दोन बोटं होती. बेंबीच्या कातडीची संवेदना छातीच्या दहाव्या मुळाकडे जाते. म्हणजे बिघाड कमरेच्या बराच वर. छातीचा स्कॅन झाला आणि रज्जूला बाहेरून दाबणारी एक साधी, कर्करोगाची नसलेली गाठ निघाली. गाठ काढली, बाई तीन महिन्यांत आधाराविना चालल्या. वरिष्ठ मला रागावले नाहीत. फक्त ती टाचणी माझ्या ॲप्रनच्या खिशाला टोचून गेले.

तेव्हा मानेचा स्कॅन करून घ्या, आणि फार लांबवू नका. घाईचं कारण असं: हातापायातली कापलेली नस जोडली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढते, पण रज्जूतले तंतू तसे परत उगवत नाहीत. दबाव निघाला तर जे नुसतं गुदमरलं होतं ते सावरतं, जे गेलं ते बहुधा परत येत नाही. म्हणून ऑपरेशन लागलंच तर त्याचा पहिला उद्देश पुढची पडझड थांबवणं हा असतो. सुधारणा किती होईल हे दबाव किती काळ होता आणि किती होता यावर ठरतं. सौम्य दबावात काही जणांना नुसतं नियमित तपासत राहणंही चालतं. ते तुमची चित्रं आणि तुमचा हात-पाय एकत्र पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये.

स्कॅन होईपर्यंत मानेला झटके देऊन ‘कटकट’ मोडणारे मालीशवाले किंवा तत्सम उपचार पूर्ण बंद. मान खाली वाकवली की पाठीतून पायांपर्यंत विजेसारखी शिणक जाते का, हे लक्षात ठेवा. मुद्दाम पुन्हा पुन्हा करून बघू नका. लघवी अडू लागली किंवा नकळत होऊ लागली, पायांतली शक्ती एकाएकी घसरली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा. आणि पुढच्या भेटीत शर्टाच्या बटणांचं आठवणीने सांगा, जमलं तर डॉक्टरांसमोर एक बटण लावूनच दाखवा.